धूसर स्कॅन आणि ४१८ चा आकडा : सांगलीतील एका ओसीटी तपासणीचे प्रकरण

सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका नेत्ररुग्णालयात मी ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करतो. दृष्टिपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याचे (रेटिनाचे), ओसीटी स्कॅन काढणे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. ओसीटी म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, प्रकाशाने दृष्टिपटलाच्या थरांचे छेदचित्र काढण्याची तपासणी. येथे मांडलेले प्रकरण ६४ वर्षांच्या एका मधुमेही स्त्रीचे आहे. त्यांच्या उजव्या डोळ्याच्या स्कॅनवर यंत्राने मॅक्युलाच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या बारीक पाहण्याच्या मधल्या भागाच्या, मध्यभागाची जाडी ४१८ मायक्रोमीटर दाखवली आणि त्या आकड्यावरून डोळ्यात इंजेक्शन देण्याचे जवळजवळ ठरले. दीड तासाने त्याच डोळ्याची, त्याच यंत्रावरची जाडी २८४ निघाली. मधल्या वेळात डोळ्यावर कोणताही उपचार झालेला नव्हता. आम्ही फक्त स्कॅनची प्रत सुधारली होती. ती कशी सुधारली, कोणते उपाय फुकट गेले आणि पहिला आकडा मुळात चुकला कसा, हे सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटले, कारण असे स्कॅन रोज कुठे ना कुठे छापले जातात आणि त्यांवर उपचार ठरतात.

रुग्ण आणि त्यांची पूर्वपीठिका

मावशी तासगाव तालुक्यातल्या. घरची थोडी द्राक्षबाग आहे आणि हंगामात त्या बेदाण्याच्या शेडवर कामाला जातात. मधुमेह १४ वर्षांपासून आहे. दीड वर्षापूर्वी उजव्या डोळ्याने अंधुक दिसू लागले म्हणून त्या प्रथम आमच्याकडे आल्या, तेव्हा मॅक्युलाला सूज होती आणि मध्यभागाची जाडी ४३६ मायक्रोमीटर होती. रॅनिबिझुमॅब या सूज उतरवणाऱ्या औषधाची पाच इंजेक्शने झाल्यावर सूज उतरली, जाडी २८१ वर आली आणि दृष्टी ६/१२ झाली (६/६ म्हणजे सामान्य दृष्टी; खालचा आकडा वाढेल तशी ती कमी). त्यानंतर तीन महिन्यांनी केलेल्या तपासणीत जाडी २७९ होती आणि स्कॅनचा सिग्नल, म्हणजे परत आलेल्या प्रकाशाची ताकद, दहापैकी सात होता.

पुढची तपासणी दोन महिन्यांनी व्हायला हवी होती. मात्र बेदाण्याचा हंगाम सुरू झाला आणि मावशी पाच महिन्यांनी आल्या. शेडमध्ये गंधकाची धुरी दिली जाते, तेव्हा डोळे चुरचुरतात, हे त्यांनी स्वतःहून सांगितले होते. केसपेपरावर ते नोंदवलेही गेले होते. दुर्दैवाने त्या नोंदीचा स्कॅनशी संबंध असेल असे त्या दिवशी सुरुवातीला कोणाच्याच मनात आले नाही, माझ्याही नाही.

त्या दिवशीची दृष्टी ६/२४ होती. दृष्टी घसरलेली, मधुमेह जुना, तपासणी लांबलेली, आणि स्कॅनवर ४१८ चा आकडा. या चारही गोष्टी एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवत होत्या : सूज परत आली आहे. मॅडमनी, म्हणजे आमच्या रेटिनाच्या डॉक्टरांनी, इंजेक्शनचा सल्ला लिहायला घेतला आणि नेहमीच्या सवयीप्रमाणे पडद्यावर स्कॅन उघडून पाहिला. त्यात दृष्टिपटलाचे थर धुक्यातून पाहावेत तसे दिसत होते, दोन ठिकाणी उभ्या काळ्या पट्ट्या होत्या आणि सिग्नल दहापैकी चार होता. आमच्या यंत्रावर सहाच्या खालचा स्कॅन विश्वासार्ह धरत नाहीत. “हा स्कॅन मला पुन्हा हवाय,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि पेन खाली ठेवले.

प्रतिमा कशाने बनते

पुढे काय केले ते समजण्यासाठी यंत्राचे कार्य थोडे उलगडावे लागेल. विहिरीत हाक मारली तर प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज बांधता येतो. ओसीटी हेच काम प्रकाशाने करते. पण प्रकाशाला एक मायक्रोमीटर अंतर कापायला जेमतेम ३.३ फेम्टोसेकंद लागतात, आणि फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांशाचा अब्जांश भाग. इतका अल्प काळ थेट मोजणारे घड्याळ नाही. म्हणून यंत्र प्रकाशाचे दोन भाग करते. एक डोळ्यात जातो, दुसरा यंत्राच्या आतल्याच एका आरशावर. दोन्ही परत येऊन एकमेकांत मिसळले की त्यांचे व्यतिकरण होते, आणि त्या व्यतिकरणाच्या पट्ट्यांत खोलीची माहिती दडलेली असते. आजची बहुतेक यंत्रे हा मिसळलेला प्रकाश वर्णपटात पसरवतात आणि त्यावर फूरिए रूपांतर ही गणिती प्रक्रिया करून एका बिंदूखालच्या सगळ्या थरांची रेषा एकदम मिळवतात. अशा हजारो रेषा शेजारी शेजारी लावल्या की छेदचित्र तयार होते.

ही पद्धत हुआंग, स्वॉन्सन, फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रथम मांडली. सुरुवातीच्या पिढीतील यंत्रांत आरसा प्रत्यक्ष मागेपुढे हलवावा लागे. त्यांपैकी दवाखान्यांत सर्वाधिक पसरलेले यंत्र सेकंदाला ४०० रेषा घेई. वर्णपटावर आधारलेली पद्धत त्याच प्रकाशात कितीतरी क्षीण परावर्तन टिपू शकते हे २००३ च्या सुमारास स्पष्ट झाले आणि त्यानंतर सेकंदाला २५ हजारांहून अधिक रेषा घेणारी यंत्रे आली. त्यामुळे डोळा हलण्याचा त्रास बराच कमी झाला. बाकीचे प्रश्न मात्र संपले नाहीत.

खोलीच्या दिशेने प्रतिमा किती बारीक दिसेल हे प्रकाशातल्या तरंगलांबींच्या पट्ट्याच्या रुंदीवर ठरते. तरंगलांबी ८४० नॅनोमीटरच्या आसपास आणि पट्टा ५० नॅनोमीटरचा असेल, तर हवेत सुमारे ६ मायक्रोमीटर आणि डोळ्याच्या ऊतीत साडेचार मायक्रोमीटर इतकी सूक्ष्मता मिळते. ही गोष्ट यंत्र विकत घेतानाच ठरून जाते. स्कॅन काढणाऱ्याला ती वाढवताही येत नाही आणि कमीही करता येत नाही. त्याच्या हातात असते ते एकच : दृष्टिपटलापर्यंत जाऊन परत येणारा प्रकाश वाटेत वाया जाऊ न देणे.

ही वाट दुहेरी आहे, हे लक्षात ठेवले पाहिजे. अश्रूंचा थर, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) आणि नेत्रभिंग यांतून प्रकाश एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना जातो. जाताना ३० टक्के प्रकाश वाया गेला, तर परतताना उरलेल्या ७० टक्क्यांतले पुन्हा ३० टक्के जातात आणि शेवटी निम्म्याहून कमी, ४९ टक्के, हाती लागतो. म्हणूनच डोळ्याच्या पुढच्या भागातला किरकोळ वाटणारा दोष स्कॅनमध्ये मोठा होऊन दिसतो.

पहिला प्रयत्न, जो उपयोगी पडला नाही

पुन्हा स्कॅन म्हटल्यावर माझ्या सहकाऱ्याने सरासरीची संख्या वाढवली. त्याच जागेचे अनेक छेद घेऊन त्यांची सरासरी काढली की यादृच्छिक गोंगाट छेदांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. १६ छेदांत तो चौपट कमी होतो. प्रतिमा खरोखरच मऊ दिसू लागली, पण सिग्नल चारच राहिला, काळ्या पट्ट्या तशाच राहिल्या आणि जाडी ४१२ आली.

यावर थोडे थांबून बोलायला हवे, कारण ओसीटीची प्रत सुधारायची म्हणजे सरासरी वाढवायची असा समज आमच्या क्षेत्रात खोलवर रुजलेला आहे. सरासरीने गोंगाटाची चढउतार कमी होते. परत येणारा प्रकाश वाढत नाही. जिथे सावलीने प्रकाश अडवलाच आहे तिथे शंभर छेद घेतले तरी शंभर वेळा अंधाराचीच सरासरी निघते. दुसरे असे की ओसीटीतला दाणेदारपणा, ज्याला स्पेकल म्हणतात, तो पूर्णपणे गोंगाट नसतो. एका बिंदूत मावणाऱ्या असंख्य सूक्ष्म कणांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळून तो तयार होतो. डोळा अगदी स्थिर असेल आणि प्रत्येक छेद तंतोतंत त्याच जागेचा असेल, तर दाणेही तेच राहतात आणि सरासरीने पुसले जात नाहीत. छेदाछेदांमध्ये डोळ्याची जी अगदी लहानशी हालचाल होते, तिच्यामुळेच दाण्यांची नक्षी बदलते आणि सरासरीचा फायदा मिळतो.

मावशींच्या बाबतीत तिसरे कारणही होते. जास्त छेद म्हणजे जास्त वेळ पापणी न मिटता बसणे, आणि कोरड्या डोळ्यात पापणी उघडी ठेवल्यावर अश्रूंचा थर काही सेकंदांतच फाटू लागतो. पहिले काही छेद बरे येतात, नंतरचे बिघडतात, आणि सरासरी दोघांची मिळून होते. आम्ही सुटे छेद एकेक करून पाहिले तेव्हा नेमके हेच दिसले.

दोष यंत्रात की डोळ्यात

आता क्रम लावून शोध घ्यायचे ठरले. आधी यंत्र तपासले. पुढची लेन्स फुंकणीने आणि लेन्स पेपरने स्वच्छ केली. कृष्णाकाठच्या दमट पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरण्याची भीती असते, म्हणून बॅटरीच्या उजेडात तीही पाहिली. यंत्रासोबत येणाऱ्या नमुना डोळ्यावर सिग्नल नेहमीसारखा आला. मग आमच्याच एका परिचारिकेच्या डोळ्याचा स्कॅन काढला, त्याचा सिग्नल नऊ आला. यंत्र, खोलीतला वीजपुरवठा, प्रकाशस्रोत यांपैकी कशातच दोष नव्हता. हे सगळे करायला पाच-सात मिनिटे लागतात. ती वाया गेली असे मी मानत नाही, कारण यानंतर आम्ही सगळे लक्ष मावशींच्या डोळ्यावर एकवटू शकलो.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, पाहिले तर कॉर्नियावर खालच्या भागात बारीक खडबडीतपणा होता आणि अश्रूंचा थर चार-पाच सेकंदांत फाटत होता. धुरीचा त्रास हे एक कारण होतेच. पण त्याहून जवळचे कारण आमच्याच ओपीडीत होते. मावशींच्या डोळ्याचा दाब स्कॅनच्या आधी मोजला गेला होता. तो मोजताना बधिरतेचा थेंब टाकतात, फ्लुरोसिनचा रंग लावतात आणि उपकरणाचे टोक कॉर्नियाला टेकवतात. बधिरतेच्या थेंबाने पापणी मिटण्याची ओढ कमी होते आणि कॉर्नियाचा सर्वांत वरचा थर तात्पुरता खरखरीत होतो. त्यानंतर बाहुली मोठी करण्याचे थेंब दोनदा टाकले गेले, आणि मग त्यांना एसीच्या झोताखालच्या खुर्चीवर अर्धा तास बसवले गेले. प्रत्येक पायरी आपापल्या जागी योग्य होती. क्रम चुकीचा होता.

आम्ही पातळ, संरक्षकविरहित वंगणाचा एक थेंब टाकला, त्यांना खुर्ची बदलायला सांगितली आणि दहा मिनिटे डोळे मिटून बसू दिले. घट्ट जेल किंवा मलम मुद्दाम वापरले नाही, कारण त्याचा दाट थर स्वतःच प्रकाश विखुरतो. पुन्हा स्कॅन काढताना प्रत्येक वेळी आधी दोनदा सावकाश पापणी मिटायला सांगितली. उभ्या काळ्या पट्ट्यांपैकी एक नाहीशी झाली, दुसरी फिकट झाली. सिग्नल चारवरून पाच झाला. एवढ्यावर समाधान मानण्यासारखे नव्हते.

फोकसची जुनी नोंद

खरा उलगडा दृष्टीच्या तपासणीतून झाला. मावशींची दृष्टी ६/२४ होती, पण पिनहोल, म्हणजे बारीक छिद्राची तबकडी, लावल्यावर त्या ६/१२ ची ओळ वाचत होत्या. ही नोंद सकाळीच झाली होती आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. सूज परत आल्यामुळे दृष्टी घसरली असती तर पिनहोलने एवढा फरक पडण्याचे कारण नव्हते. पिनहोलने सुधारते ती चष्म्याच्या नंबराची अडचण. नंबर तपासला तर उजव्या डोळ्याला −१.७५ निघाला. दीड वर्षापूर्वी तो +०.५० होता.

कारण मोतीबिंदू. नेत्रभिंगाचा गाभा कडक आणि पिवळसर होत गेला की त्याची प्रकाश वळवण्याची शक्ती वाढते आणि डोळा हळूहळू ऱ्हस्वदृष्टीकडे सरकतो. चष्म्याशिवाय जवळचे पुन्हा दिसू लागले म्हणून काही ज्येष्ठांना आनंद होतो, तोही यामुळेच. बेदाणे निवडताना आता चष्मा लागत नाही, असे मावशींनी गेल्या खेपेला सांगितले होते. ते सांगणे म्हणजे मोतीबिंदू वाढत असल्याची सूचना होती.

आता यंत्राकडे येतो. पाठपुराव्याचा स्कॅन काढताना आमचे यंत्र पहिल्या भेटीच्या नोंदी आपोआप भरते : स्कॅनची जागा, त्याचा आकार आणि फोकस. म्हणजे दीड वर्षापूर्वीचा +०.५० चा फोकस अजूनही लागू होत होता आणि डोळा तिथून सव्वादोन डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचे एकक) दूर गेला होता. फोकस चुकला की फक्त चित्र पुसट होते असे नाही. परत येणारा प्रकाश यंत्रात एका अत्यंत बारीक तंतूच्या तोंडातून शिरतो. प्रकाश दृष्टिपटलावर नीट एकवटला असेल तर परतताना तो त्या तोंडात नेमका बसतो, आणि फोकस हुकला असेल तर पसरून बाजूला सांडतो. सांडलेला प्रकाश कोणत्याही सॉफ्टवेअरला परत आणता येत नाही.

फोकस हाताने −१.७५ वर आणला आणि सिग्नल एका झटक्यात पाचवरून सात झाला. त्या दिवशीच्या सगळ्या उपायांत सर्वाधिक गुण देणारा उपाय हाच ठरला, आणि त्याला खर्च शून्य होता.

न दिसणारा दिवा

सिग्नल सुधारला तरी मॅक्युलाचा मध्यबिंदू स्कॅनच्या चौकटीच्या मधोमध येत नव्हता. प्रत्येक स्कॅन थोडा वर आणि डावीकडे सरकलेला येई. मी विचारले, “मावशी, मधल्या दिव्याकडं बघताय ना?” त्या म्हणाल्या, “त्यो दिवा मला दिसतच न्हाई, बाळा. मी आपली तुझ्या आवाजाकडं बघती.”

मी डावीकडे उभा राहून बोलत होतो. या वाक्याने मी अक्षरशः चपापलो. मॅक्युलाच्या रुग्णाला नेमका मध्यच नीट दिसत नसतो, त्यातून मोतीबिंदू, आणि आम्ही त्याला मधल्या बारीक दिव्याकडे पाहायला सांगत होतो. दिसत नाही म्हणायचा त्यांना संकोच होता, आणि दिसतो का हे इतक्या भेटींत आम्ही कधी नीट विचारले नव्हते. डाव्या डोळ्याची दृष्टी चांगली होती. बाहेरचा दिवा वापरून डाव्या डोळ्याने त्याच्याकडे पाहायला सांगितले, तेव्हा उजवाही त्याच्यासोबत सरळ झाला आणि मध्यबिंदू जागेवर आला. मध्यभागाची जाडी म्हणजे मध्यबिंदूभोवतीच्या एक मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातली सरासरी जाडी. ते वर्तुळच बाजूला सरकले तर शेजारचा मुळातच जाड असणारा भाग त्यात येतो आणि सूज नसताना सूज दिसू शकते.

त्यानंतर बाहुलीतल्या जागेचा प्रश्न आला. मोतीबिंदूचे काही धागे खालच्या बाजूने आत आलेले होते, म्हणून प्रकाशझोत थोडा वर घेतला. एका जागी सिग्नल आठपर्यंत गेला, पण तिथे दृष्टिपटल तिरपे दिसू लागले. हा मोह आवरावा लागतो. प्रकाश तिरपा पडला की हेन्लेच्या तंतूंचा, म्हणजे मध्यबिंदूभोवतीच्या तिरप्या तंतूंचा, थर एका बाजूला अचानक उजळतो आणि दुसऱ्या बाजूला काळवंडतो, मग थरांच्या सीमा भलत्याच ठिकाणी वाटतात. आठचा तिरपा स्कॅन आणि सातचा सरळ स्कॅन यांतला आम्ही सातचा निवडला, आणि माझ्या मते तीच निवड बरोबर होती.

शेवटची दुरुस्ती उंचीची. या यंत्रांची संवेदनशीलता चौकटीच्या वरच्या कडेजवळ सर्वाधिक असते आणि खाली जाताना घटत जाते, कारण खोलवरून येणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरण-पट्ट्या इतक्या दाट असतात की वर्णपट टिपणाऱ्या संवेदकाच्या घरांत त्या एकमेकींत मिसळून जातात. दृष्टिपटल चौकटीत वर घेतले की ते अधिक उजळ दिसते. मात्र फार वर नेले तर कडेवर त्याचेच उलटे प्रतिबिंब पडते. आम्ही ते वरच्या तिसऱ्या हिश्श्यात ठेवले आणि मग, सगळ्यात शेवटी, सरासरी लावली. आता तिने आपले काम चोख केले.

४१८ कुठून आला

नवीन स्कॅनवर मध्यभागाची जाडी २८४ होती. आधीच्या भेटीतल्या २७९ शी तुलना केली तर पाच मायक्रोमीटरचा फरक, आणि तेवढा फरक तोच डोळा लागोपाठ दोनदा तपासला तरी येऊ शकतो.

मग पहिला स्कॅन पुन्हा उघडून यंत्राने आखलेल्या सीमारेषा पाहिल्या. जाडी म्हणजे दृष्टिपटलाची वरची रेषा आणि खालची रेषा यांतले अंतर. मावशींच्या डोळ्यात काचद्रव, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतला जेलीसारखा पारदर्शक भाग, दृष्टिपटलापासून अर्धवट सुटलेला होता आणि त्याचा मागचा पडदा दृष्टिपटलाच्या वर एका पातळ रेषेसारखा तरंगत होता. प्रकाश अपुरा असल्याने दृष्टिपटलाची खरी वरची कड फिकट झाली होती. हा पडदा मात्र समोरून पडलेल्या प्रकाशाने चमकत होता. सॉफ्टवेअरने त्यालाच दृष्टिपटलाची कड समजून रेषा त्याच्यावरून ओढली. म्हणजे मधली रिकामी जागासुद्धा सूज म्हणून मोजली गेली. आम्ही ती रेषा हाताने खाली आणली तेव्हा त्याच धूसर स्कॅनवर २८९ आकडा आला.

मॅक्युलाच्या रुग्णांत धूसर स्कॅनमुळे असा जास्तीचा आकडा येऊ शकतो, तर काचबिंदूच्या रुग्णांत बहुतेकदा उलट घडते. सिग्नल कमी असला की मज्जातंतूंचा थर प्रत्यक्षापेक्षा पातळ मोजला जातो आणि नसलेला काचबिंदू वाढताना दिसतो. दोन्हीकडे रुग्णावर नको तो उपचार होण्याची शक्यता सारखीच.

आकड्यांबाबत आणखी एक गोष्ट. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे खालची रेषा वेगवेगळ्या थरावर आखतात. त्यामुळे मधुमेही सुजेच्या अभ्यासांत स्त्रियांसाठी मध्यभागाच्या जाडीची सीमा सिरस यंत्रावर २९० आणि स्पेक्ट्रॅलिसवर ३०५ मायक्रोमीटर धरली जाते. पुरुषांसाठी अनुक्रमे ३०५ आणि ३२०. जत, कवठेमहांकाळपासून अथणी, चिकोडीपर्यंतचे रुग्ण सांगली-मिरजेत एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात जातात, तेव्हा त्यांच्या पिशवीतले जुने स्कॅन दुसऱ्याच यंत्राचे असतात. त्यावरचा आकडा आमच्या आकड्याशेजारी ठेवून वाढ किंवा घट ठरवणे चुकीचे आहे.

गुळगुळीत केलेली प्रतिमा

आमच्या यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिमा स्वच्छ करणारा एक पर्याय आहे. कुतूहल म्हणून पहिला धूसर स्कॅन त्यातून काढून पाहिला. प्रतिमा देखणी झाली. थर सुबक रेषांसारखे दिसू लागले, दाणेदारपणा गेला, आणि वरची रेषा होती तिथेच, म्हणजे चुकीच्याच जागी, राहिली. त्याहून गंभीर गोष्ट नव्या, चांगल्या स्कॅनशी तुलना केल्यावर कळली. चांगल्या स्कॅनमध्ये मध्यबिंदूजवळ दोन अगदी लहान पोकळ्या आणि त्यांच्या कडेला तीन-चार चकाकते ठिपके होते. मधुमेही सुजेत असे ठिपके दिसतात. ते साधारण २० ते ४० मायक्रोमीटरचे असतात आणि डॉक्टर त्यांच्याकडे बारकाईने पाहतात. गुळगुळीत केलेल्या प्रतिमेत त्यांचा मागमूस नव्हता, कारण इतका छोटा ठिपका आणि गोंगाटाचा दाणा यांत सॉफ्टवेअरला फरक करता आला नव्हता.

आता न्यूरल नेटवर्कने, म्हणजे अनेक नमुने दाखवून शिकवलेल्या संगणक-प्रणालीने, प्रतिमा स्वच्छ करण्याच्या पद्धती येत आहेत आणि त्या साध्या गाळणीपेक्षा निश्चित चांगल्या आहेत. तरीही जिथून प्रकाश परत आलाच नाही, तिथे असे नेटवर्क आधी पाहिलेल्या हजारो डोळ्यांवरून अंदाज बांधते. तो अंदाज या रुग्णाच्या डोळ्याचा नसतो. म्हणून मूळ प्रतिमा जपून ठेवल्याशिवाय आणि ती पाहिल्याशिवाय स्वच्छ केलेल्या प्रतिमेवर उपचार ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पुढे काय झाले

त्या दिवशी इंजेक्शन दिले गेले नाही. दोन लहान पोकळ्या दिसल्या होत्या, त्यामुळे सूज अजिबात नाही असेही मॅडमनी म्हटले नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावले आणि रक्तातील साखरेसाठी फिजिशियनकडे पाठवले. कोरडेपणासाठी थेंब दिले आणि शेडवर धुरी देताना लांब राहायला सांगितले. सोबत आलेल्या सुनेला हे सगळे पडद्यावर दाखवून समजावले, कारण एका एसटीने यायचे, दिवसाची मजुरी बुडवायची आणि इंजेक्शन न घेताच परत जायचे, हे घरी पटवून सांगायचे काम तिच्यावर होते.

आमच्या ओपीडीत तीन बदल झाले. ओसीटी सांगितलेल्या रुग्णाचा स्कॅन आता दाब मोजण्याच्या आणि कॉर्नियाला स्पर्श होणाऱ्या कोणत्याही तपासणीच्या आधी होतो. पाठपुराव्याच्या स्कॅनमध्ये आपोआप भरलेला फोकस त्या दिवशीच्या नंबराशी ताडून पाहिला जातो. आणि जाडीचा रंगीत नकाशा एकटा छापला जात नाही. त्यासोबत सीमारेषा दाखवणारा मधला छेद आणि सिग्नलचा आकडा असतोच. थांबण्याच्या जागेतल्या एसीचा झोतही वर वळवला आहे. चौथी गोष्ट माझ्यापुरती आहे : दिवा दिसतो का, हे मी प्रत्येक रुग्णाला विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो.

सहा आठवड्यांनी मावशी ठरल्या दिवशी आल्या. सिग्नल सात, फोकस −१.७५, बाहेरचा दिवा, सरळ छेद. मध्यभागाची जाडी ३३१ होती. दोन्ही रेषा योग्य जागी होत्या आणि मागच्या वेळी जेमतेम दिसणाऱ्या त्याच दोन पोकळ्या आता स्पष्ट मोठ्या झालेल्या होत्या. या वेळी शंका नव्हती. त्याच दुपारी इंजेक्शन दिले गेले आणि पुढच्या महिन्यात दुसरे. जाडी २८० च्या आसपास स्थिरावल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतरच्या पहिल्या स्कॅनचा सिग्नल नऊ आला. आम्ही जुना मूळ स्कॅन न पुसता त्यावर ‘मोतीबिंदूपूर्वीचा, फोकस +०.५०’ अशी नोंद केली आणि पुढच्या तुलनेसाठी हा नवा स्कॅन मूळ म्हणून जतन केला, फोकस −०.२५.